चांगले भांडे कसे ओळखावे?

भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नवे पातेले कसे पारखते, ते एकदा लक्ष देऊन पाहा. प्रथम पातेले उजेडात धरून त्यात तोंड दिसते का ते पाहिले जाते. मग टिचकी मारून नाद ऐकला जातो. एखादे चौकस गृहस्थ खिशातून चुंबक काढून तो पातेल्याला चिकटतो का, हेही पाहतात. शेवटी दुकानदार पातेले काट्यावर ठेवतो. कारण स्टीलची साधी भांडी पुष्कळ ठिकाणी वजनावर विकली जातात. काट्यावरचा आकडा पाहून गिऱ्हाईक म्हणते, "यापेक्षा हलक्यातले दाखवा."

गंमत अशी की, चकाकी, नाद आणि चुंबक या तीन कसोट्यांवरून त्या पातेल्यात स्वयंपाक कसा होईल हे जवळजवळ काहीच कळत नाही. जे कळते ते चौथ्या कसोटीवरून, म्हणजे वजनावरून; आणि नेमके तेच कमी करून मागितले जाते. पुढे त्या हलक्या पातेल्यात खीर बुडाला लागते आणि दोष येतो तो करणाऱ्याच्या माथी!

विद्यार्थी मित्रांनो, भांडे हे शेवटी एक भौतिक उपकरण आहे. त्याची कामे दोन. चुलीची किंवा गॅसची उष्णता अन्नापर्यंत नीट पोचवणे हे पहिले, आणि स्वतः अन्नात न मिसळणे हे दुसरे. पहिले काम धातूच्या अंगाचे, दुसरे त्याच्या कातडीचे. ही दोन कामे वेगवेगळी आहेत एवढे ध्यानात ठेवले, तर भांड्यांविषयीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपली आपल्याला सापडतात.

उष्णतेच्या दोन वाटा

उष्णता वाहून नेण्याच्या पदार्थाच्या गुणाला उष्णतावाहकता म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. भांड्यांच्या पदार्थांची वाहकता साधारणपणे अशी असते (एकक : वॉट प्रति मीटर प्रति अंश सेल्सिअस) :

तांबे – ४००
अ‍ॅल्युमिनियम – २३५
पितळ – ११०
बीड (ओतीव लोखंड) आणि साधे पोलाद – ५०
स्टेनलेस स्टील – १५
काच – १

हा तक्ता पाहून कोणीही म्हणेल की, स्टीलच्या पातेल्यात पाणी तापायला तांब्याच्या पातेल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत असला पाहिजे. वाहकता सत्तावीस पट कमी आहे ना! पण प्रत्यक्षात तसे होत नाही. का ते हिशेबाने पाहू.

समजा, २० सेंमी व्यासाच्या बुडातून दर सेकंदाला १,००० जूल, म्हणजे १,००० वॉट, उष्णता पाण्यात शिरत आहे. बुडाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३१४ चौरस मीटर भरते. पत्रा ०.६ मिमी जाडीचा आहे. वहनाचे सूत्र वापरले की, पत्र्याच्या खालच्या आणि वरच्या पृष्ठभागांच्या तापमानांत किती फरक पडेल ते काढता येते. स्टीलसाठी उत्तर येते सुमारे १.३ अंश. तांब्यासाठी ०.०५ अंश. म्हणजे पाणी १०० अंशांवर उकळत असताना स्टीलच्या पत्र्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जेमतेम दीड अंश अधिक गरम असते. ज्वालेचे तापमान हजार अंशांच्याही वर असते, तिथे हा दीड अंश कोणाच्या खिजगणतीत?

खरी अडवणूक पत्र्यात नसून पत्र्याखाली असते. ज्वालेतील तप्त वायू आणि बूड यांच्यामध्ये वायूचा एक पातळ थर असतो. वायू उष्णतेचे मंद वाहक असल्याने बहुतेक सगळा उतार त्या थरातच होतो. भांडे तांब्याचे असो की स्टीलचे, हा थर तसाच राहतो. म्हणून नुसते पाणी तापवायचे, चहा करायचा किंवा पातळ आमटी उकळायची असेल, तर स्टीलचे साधे पातेले तांब्याच्या तोडीस तोड काम देते. 'तांब्याच्या बुडामुळे पाणी निम्म्या गॅसमध्ये उकळते' असे कोणी सांगितले, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

मग वाहकतेला काहीच महत्त्व नाही का? आहे; पण ते दुसऱ्या वाटेवर. वर पाहिली ती उष्णतेची आरपार जाणारी वाट. दुसरी वाट आडवी, म्हणजे बुडाच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारी.

खीर का लागते?

गॅसच्या शेगडीची ज्वाला सगळ्या बुडाला सारखी लागत नाही. बर्नरच्या छिद्रांचे एक कडे असते आणि ज्वाला त्या कड्यावरच असतात. करपलेले पातेले घासताना बुडाशी एक काळे वर्तुळ दिसते ना? तो त्या बर्नरचाच ठसा!

वर्तुळापाशी आलेली उष्णता कडेच्या भागापर्यंत पसरायची तर तिला पत्र्यातूनच आडवे जावे लागते. आरपारची वाट ०.६ मिमी लांब आणि सबंध बुडाएवढी रुंद होती. आडवी वाट पाच-सहा सेंमी लांब, म्हणजे जवळजवळ शंभर पट. आणि तिचे दार केवळ पत्र्याच्या जाडीएवढे, म्हणजे ०.६ मिमी उंच. अशा लांब आणि चिंचोळ्या वाटेने जायचे असेल, तरच धातूच्या वाहकतेची खरी परीक्षा होते.

भांड्यात पाणी असेल तर उष्णता पसरवायचे काम पाणीच करते. तळचे तापलेले पाणी वर जाते, वरचे गार पाणी खाली येते आणि बुडाचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. यालाच अभिसरण म्हणतात. पण खीर, पिठले, शिरा किंवा आटवलेले दूध दाट असते. त्यात असे प्रवाह वाहत नाहीत. ज्वालेवरचा भाग तापतच जातो, तेथले पाणी आटते, तापमान १०० अंशांच्या पुष्कळ वर चढते आणि साखर व प्रथिने करपतात. सतत ढवळत राहणे म्हणजे जे अभिसरण आपोआप होत नाही, ते हाताने करणे होय.

आडवी उष्णता किती सहज पसरेल हे दोन गोष्टींवर ठरते : धातूची वाहकता आणि पत्र्याची जाडी. वाहकता जास्त तर वाट गुळगुळीत, जाडी जास्त तर वाट रुंद. म्हणून या दोहोंचा गुणाकार करावा. सोयीसाठी त्याला आपण 'पसरण-अंक' म्हणू. जाडी मिलिमीटरमध्ये घेतली, तर नेहमीच्या भांड्यांचे अंक साधारण असे येतात :

स्टीलचे पातेले, ०.६ मिमी : १५ × ०.६ = ९
लोखंडी तवा, ३ मिमी : ५० × ३ = १५०
तांब्याचे पातेले, १.५ मिमी : ४०० × १.५ = ६००
अ‍ॅल्युमिनियमची कढई, ३ मिमी : २३५ × ३ = ७०५

अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची वाहकता शुद्ध धातूपेक्षा थोडी कमी असते, त्यामुळे शेवटचा आकडा काहीसा खाली येईल. तरीही कोठे ९ आणि कोठे ६००! स्टीलच्या पातळ पातेल्यात खीर लागते यात करणाऱ्याच्या हाताचा दोष किती आणि या आकड्याचा किती, ते आता तुम्हीच ठरवा. आणि हेही पाहा की, वाहकतेत अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या मागे असूनही जाडी दुप्पट केल्यावर ते पुढे गेले. धातूचे नाव ऐकून भागत नाही. जाडीही विचारावी लागते.

तवा जड का हवा?

भाकरीच्या तव्याला आणखी एक गुण लागतो, तो म्हणजे उष्णतेचा साठा. थापलेली ओली भाकरी तव्यावर पडताच ती तव्यातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० जूल लागतात. साडेचार ग्रॅमच्या आसपास पाणी उडाले, तर तव्यातून १०,००० जूल गेले असे समजा. (या अवधीत खालून येणारी उष्णता हिशेबात धरलेली नाही.)

२६ सेंमी व्यासाचा आणि ३ मिमी जाडीचा लोखंडी तवा सुमारे सव्वा किलो भरतो. लोखंडाची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ०.४५ जूल आहे. म्हणजे सबंध तवा १ अंशाने निवायला त्यातून सुमारे ५६० जूल जावे लागतात. १०,००० जूल गेल्यावर तो अठरा अंशांनी उतरेल. तेवढ्याच आकाराचा, पण १.५ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा तवा जेमतेम २१५ ग्रॅम भरेल आणि तो पन्नासहून अधिक अंशांनी उतरेल. पहिल्या तव्यावर भाकरीला पापुद्रा सुटेल, दुसऱ्यावर ती वाळत बसेल.

'लोखंड उष्णता धरून ठेवते' असे आपण म्हणतो. पण ग्रॅमला ग्रॅम तोलले, तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवते! तव्याला हा गुण येतो तो त्याच्या जडपणामुळे. कोकणात घावन-आंबोळ्यांसाठी बिडाचा जाड तवा का राखून ठेवतात, याचे कारण आता ध्यानात येईल. त्याला तेल लावून पुनःपुन्हा तापवले की, तेलाचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन धातूवर एक कठीण, काळा, गुळगुळीत थर बसतो. घावन सुटते ते या थरामुळे. म्हणून असा तवा खसाखसा घासून चकचकीत करणे म्हणजे त्याची सगळी कमाई धुऊन टाकणे होय.

अन्नाला लागणारी बाजू

आता दुसरे काम. तांबे उष्णता उत्तम पसरवते. पण त्यात ताक, चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे सार ठेवले तर आम्लाने तांब्याचे क्षार तयार होतात. अन्न हिरवट आणि तुरट होते. याला मराठीत 'कळकणे' असा नेमका शब्द आहे. कळकलेले अन्न खाल्ल्यास मळमळ आणि उलट्या होतात. पितळेतही तांबे असतेच, तेव्हा त्याचीही तीच गत.

अ‍ॅल्युमिनियमला घरोघर 'जर्मन' किंवा 'जर्मल' म्हणतात. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. पण आंबट पदार्थ आणि सोडा दोन्ही हा थर विरघळवतात. टोमॅटोचे सार केल्यावर काळवंडलेले पातेले आतून एकदम उजळ दिसते, ते याचमुळे. रोजचा भात किंवा डाळ शिजवायला हरकत नाही. परंतु आंबट पदार्थ त्यात शिजवू नये आणि रात्रभर तर मुळीच ठेवू नये. हाच ऑक्साइडचा थर विद्युत् विच्छेदनाने मुद्दाम जाड आणि कठीण केला की 'हार्ड अ‍ॅनोडाइज्ड' भांडे तयार होते.

लोखंडही आंबट पदार्थात विरघळते. मात्र अन्नात येणारे थोडे लोह शरीराला उपयोगीच पडते. लोखंडी कढईतील भाजी काळपट दिसते, पण तिच्यात लोहाचे प्रमाण वाढलेले असते.

स्टेनलेस स्टील या बाबतीत सर्वांत सोशिक. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. क्रोमियमचे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या वर असले, की त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर पृष्ठभागावर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्काने पुन्हा भरून येतो. एक काळजी मात्र घ्यावी : गार पाण्यात मीठ टाकून ते तळाशी तसेच पडू देऊ नये. क्लोराइडमुळे त्या जागी सूक्ष्म खड्डे पडतात. मीठ पाणी तापल्यावर घालावे आणि ढवळावे.

निर्लेप भांड्यांवर टेफ्लॉनचा लेप असतो. रॉय प्लंकेट यांना हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत योगायोगाने सापडला. त्याला सहसा काही चिकटत नाही. परंतु २६० अंशांच्या वर त्याला तापवू नये. रिकामे भांडे मोठ्या आचेवर राहिले तर ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते, आणि आणखी तापल्यावर लेपाचे विघटन होऊन घातक वाफा निघतात. घरात पाळलेले पक्षी अशा वाफांनी दगावतात.

दोन धातूंचा संसार

तर पेच असा आहे : जे धातू उष्णता चांगली पसरवतात, ते अन्नात मिसळतात, आणि जो धातू अन्नात मिसळत नाही, तो उष्णता पसरवत नाही. एका धातूत दोन्ही गुण मिळत नाहीत. मग करायचे काय? दोन धातूंचा संसार मांडायचा!

हा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. त्याचे नाव कल्हई. भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचे. अंग तांब्या-पितळेचे, कातडी कथलाची! पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर हातोडीने ठोके देऊन तांब्याची भांडी मठारतात. ते ठोके नुसते शोभेचे नसतात. ठोकल्याने मऊ तांबे कठीण होते. अशा भांड्याला कल्हईची जोड मिळाली की ते स्वयंपाकाला उत्तम. मात्र कथील २३२ अंशांनाच वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, त्यात कोरडे काही भाजू नये आणि पांढरी कातडी झिजून लालसर धातू दिसू लागला की कल्हई नव्याने करून घ्यावी. कथलात स्वस्त शिसे मिसळलेले असेल तर कल्हईच विष ठरते, हेही विसरू नये.

आज दुकानात मिळणारी 'ट्रायप्लाय' किंवा 'सँडविच बुडाची' भांडी म्हणजे हीच कल्पना नव्या वेषात. आत अन्नाला लागणारे स्टेनलेस स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर, बाहेर पुन्हा स्टील. मधला थर ४ मिमी असला तर पसरण-अंक नऊशेच्या आसपास जातो. उलट, स्टीलच्या बुडाला बाहेरून दिलेला तांब्याचा मुलामा ०.१ मिमी असेल, तर त्याची भर फक्त ४०. तांबे दिसते पुष्कळ, पण असते थोडे.

अशी जोडभांडी एकदम गार पाण्याखाली धरू नयेत. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा अधिक प्रसरण पावते. एकाएकी निवल्यास दोन थरांची ओढाताण होऊन बूड वाकते. वाकलेले बूड शेगडीवर डुगडुगते.

चुंबक काय सांगतो?

चुंबक चिकटला की स्टील हलके, असा समज आहे. तो बरोबर नाही. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही! आणि निकेल नसलेले, केवळ क्रोमियमचे चांगले स्टेनलेस स्टील चुंबकाला ओढले जाते. तेव्हा चुंबकावरून दर्जा ठरवता येत नाही.

चुंबक एक गोष्ट मात्र बिनचूक सांगतो : भांडे इंडक्शनच्या शेगडीवर चालेल की नाही. या शेगडीतील बदलते चुंबकीय क्षेत्र बुडात विद्युत्प्रवाह निर्माण करते आणि बूड स्वतःच तापते. त्यासाठी बुडाचा बाहेरचा थर चुंबकाला ओढला जाणारा असावा लागतो.

करून पाहा

हा प्रयोग घरातील मोठ्या माणसाला जवळ घेऊनच करावा. निर्लेप आणि कल्हईचे भांडे यासाठी घेऊ नये.

पातळ स्टीलच्या कोरड्या पातेल्यात कणकेचा अगदी पातळ, सारखा थर पसरा. मंद आचेवर ठेवा. कणीक कोठे प्रथम तांबूस होते ते पाहा आणि लगेच गॅस बंद करा. मग तोच प्रयोग जाड अ‍ॅल्युमिनियमच्या कढईत व लोखंडी तव्यावर करा. कणीक म्हणजे बुडाच्या तापमानाचा नकाशाच! एका भांड्यात कड्यासारखे वर्तुळ उमटेल, दुसऱ्यात सगळा थर जवळपास एकदम रंगेल.

शिक्षकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेतील स्क्रूगेजने घरच्या भांड्यांची जाडी विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावी. भांड्यांची कड बहुधा वळवलेली असल्याने थोडे खालचे माप घ्यावे. कडेपेक्षा बूड जाड असू शकते, हेही सांगावे. मग प्रत्येकाने पसरण-अंक काढावा आणि 'कोणते भांडे कशाला वापरता?' हे घरात विचारून शेजारी लिहावे. आकडे आणि स्वयंपाकघरातला अनुभव किती जुळतात ते पाहण्यासारखे असते.

विकत घेताना

शेवटी थोडे व्यवहाराचे. सगळी भांडी भारी हवीत असे मुळीच नाही. चहा, पाणी, आमटी यांना साधे स्टील पुरते. तेथे जास्त पैसे घालू नयेत. पैसे घालायचे ते खीर, शिरा, रस्सा परतण्याच्या एका जाड बुडाच्या भांड्यात आणि एका जड तव्यात. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे घेताना ते भंगार वितळवून ओतलेले नाही ना, याची खात्री करावी. अशा भांड्यांतून अन्नात शिसे उतरत असल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे, आणि शिशाचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. ते चिन्ह शोधण्याची सवय लावून घ्यावी.

आणि एक गोष्ट फुकटची आहे : झाकण. झाकणाने वाफ अडते, आणि वाफेबरोबर ग्रॅममागे २,२६० जूल उष्णताही वाचते. पाणी एकदा उकळले की आच कितीही मोठी केली तरी ते १०० अंशांच्या वर जात नाही. डाळ लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते. तेव्हा उकळी आल्यावर आच मंद करावी. घरात कोणतेही भांडे असले तरी एवढे आजपासूनच करता येईल.